उन्हाचं धुराडं आणि लावलेलं दार

दारव्ह्याच्या बसस्थानकावर मध्यंतरी एका गृहस्थांनी माझ्या मांडीवरच्या पोत्याकडं बोट दाखवून विचारलं, "भाऊ, काय हाय जी यात? चमकून राह्यलं."

"ॲल्युमिनियमचा कीस. लेथ मशीनवर निघतो तो."

"भंगारवाले काय तुमी?"

"नाही, धुराडी बांधतो."

"हॉटेलाची?"

"उन्हाची. धूर निघत नाही त्यातून. गरम हवा निघते."

गृहस्थांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि बाकावर वीतभर पलीकडं सरकून बसले.

माझ्या धंद्याची ओळख साधारण अशीच होते. म्हणून आधी तो धंदा काय आहे ते सांगतो. छपरावर पश्चिमेच्या अंगाला तिरपी उभी केलेली, दोन पुरुष लांबीची एक अरुंद पेटी डोळ्यांपुढं आणा. एका बाजूला काच, बाकी तिन्ही बाजूंना पत्रा, आतून काळा रंग. खालचं तोंड खोलीत, वरचं आभाळाकडं. काचेतून ऊन आत शिरतं, काळा पत्रा तापतो, त्याला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर निघून जाते. तिची जागा भरायला खोलीतली कोंदट हवा ओढली जाते. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. ऊन जितकं कडक तितकी ओढ जास्त. आणि यवतमाळ जिल्ह्यात उन्हाची टंचाई पडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

यात माझी भर एकाच गोष्टीची. साध्या पत्र्याला हवा नुसती चाटून जाते. पत्रा तापून लाल व्हायची वेळ येते, पण ती ऊब हवेला मिळायच्या ऐवजी काचेतून पुन्हा बाहेर पळते. मी पेटीत पत्र्याऐवजी धातूची गादी बसवतो. दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा कुरळा कीस, वरून काळा फवारा. ही गादी आडवी-तिरपी बसते, म्हणजे हवेला तिच्यातूनच वाट काढत जावं लागतं. कीसाच्या हजार वेटोळ्यांना घासून ती पलीकडं निघते तेव्हा चांगली तापलेली असते. काम एवढंच. एवढं समजायला मला निम्मं आयुष्य लागलं.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. वडील आजारी होते हे खरं, पण गणिताच्या तासाला मी मागच्या दारानं पळायचो हेही तितकंच खरं. एका फौंड्रीत लेथवर हाताखाली लागलो. तिथून एका ठेकेदाराबरोबर सोयाबीनच्या गोदामाच्या कैच्या, म्हणजे छपराचे लोखंडी सांगाडे, उभ्या करायला इकडं आलो. काम संपलं, ठेकेदार परत गेला, मी राहिलो. यवतमाळात ज्या बाईंनी आपल्या घराची पडवी वेल्डिंग मशीन ठेवायला दिली त्यांनी माझं गाव विचारलं, जात विचारली नाही. त्यांचे उपकार मी अजून फेडतोय, आणि त्या अजून ते मोजत नाहीत.

गणिताची धास्ती मात्र बरोबर आली. कुणी कागदावरचं ड्रॉइंग समोर पसरलं की अजूनही वाटते. एकदा केलेलं माप मी तीनदा घेतो. बसमध्ये बसल्यावर वाटतं, तो बोल्ट आवळला की नाही? कितीदा उतरून परत गेलोय.

इंगळे मॅडम पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हाही असंच ड्रॉइंग घेऊन आल्या होत्या. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या शिकवतात. त्यांना उन्हाच्या धुराड्यात बसवायला भोकाभोकांचा धातू हवा होता. म्हणाल्या, स्पंजासारखा धातू मिळतो, पण तळहाताएवढ्या तुकड्याची किंमत ऐकून कॉलेजनं हात वर केले. जाळीचे थर लावून काही जमेल का?

मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, एक बोलू का?"

"बोला की."

"फौंड्रीच्या मागं कीसाचा ढीग असायचा. उन्हात पडलेल्या पत्र्याचा चटका नुसता वरवर बसतो. त्या ढिगात मात्र मी एकदा कोपरापर्यंत हात घातला होता, हातमोजा शोधायला. आतपर्यंत सगळा तापलेला. आणि त्यातून वारं येत होतं, बारीक. गरम वारं."

मॅडम हसल्या नाहीत. वही काढली. "शिक्षण कुठं झालं तुमचं?"

"आठवी."

"मग आठवीपर्यंतचं नीट समजलेलं दिसतंय," असं म्हणून त्यांनी लिहून घ्यायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मी त्यांचा.

पहिलं धुराडं कॉलेजच्या प्रयोगशाळेवर चढवलं आणि पहिल्याच दुपारी बिनधुराच्या धुराड्यातून निळसर धूर निघाला. शिपाई बादल्या घेऊन धावले. कीसाला लेथचं तेल चिकटलेलं असतं, ते मी धुतलं नव्हतं. तेव्हापासून कीस आधी धुण्याच्या पावडरीच्या उकळत्या पाण्यात घालतो, मगच पुढचं काम. दुसरा धडा थोड्या दिवसांनी मिळाला. जास्त धातू म्हणजे जास्त ऊब असं समजून मी गादी ठासून भरली, तर हवा जागची हलेना. उन्हाची ओढ फार नाजूक असते, तिला जरा अडवलं की ती थांबते. म्हणून आता प्रत्येक गादी आभाळासमोर धरून बघतो. चाळणीतून दिसावा तसा उजेड पलीकडून लुकलुकला पाहिजे. उजेड मेला की हवा मेली. हे माप कुठल्या ड्रॉइंगवर नाही, पण मॅडमच्या यंत्रानं ते आजवर खोटं ठरवलेलं नाही.

उमरखेडच्या एका निवृत्त गुरुजींनी तिसरा धडा दिला. आम्ही काच दक्षिणेकडं करणार होतो. गुरुजी शिडीच्या खाली उभे राहिले.

"दक्षिणेले तोंड? माह्या घराचं? नाई जमत."

"गुरुजी, घराचं नाही हो, धुराड्याचं."

"धुराडं कोनाचं? माह्यंच ना!"

शेवटी पश्चिमेकडं केलं. मॅडमना फोनवर सांगताना माझी मान खाली होती. त्या म्हणाल्या, "उत्तम झालं. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या उभ्या काचेला फार काही मिळत नाही. खरी काहिली दुपारनंतरची, आणि ती पश्चिमेला." गुरुजींना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या कामाला देखरेखीला यायचं म्हटलं असतं.

दोन धुराडी चालली आणि मी थोडा फुशारलो. त्याच भरात दारव्ह्याजवळच्या एका गावचं काम घेतलं.

बचत गटाच्या बायकांचा शिवणकामाचा हॉल. वर पत्रे, खाली चौदा मशिनी. तालुक्यातल्या शाळांचे गणवेश शिवायचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. आजवर ते बाहेरच्या शहरातून शिवून यायचे. शाळा उघडायच्या आत सगळे कपडे तयार झाले तर पुढच्या वर्षी काम गावातच, नाही झाले तर पुन्हा बाहेर. आणि हे सगळं शिवायचं एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा त्या पत्र्याखाली अकरानंतर माणूस बसू शकत नाही. गटाच्या बायकांना कूलर हवे होते. अध्यक्ष सुमनताई म्हणाल्या होत्या, दुपारी लाइन जाते, पाणी टँकरचं, कूलर काय करतील? मशिनी पायानं चालतात, तर हवाही बिनलाइनीची पाहिजे. त्यांनी सगळ्यांचा विरोध पत्करून धुराडं आणलं. म्हणजे माझ्या त्या पेटीवर सुमनताईंची अध्यक्षपदाची लाज टांगलेली होती.

धुराडं चढवलं. खाली, त्याच्या तोंडाजवळ उदबत्ती धरली. आमची तपासणी तीच. धूर असा सरळ आत ओढला गेला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसमध्ये बसल्यावर चक्क झोपलो.

आठवड्यानं फोन आला. "भाऊ, तुमचं धुराडं चालून नाई राह्यलं."

"चालत नाही म्हणजे?"

"म्हंजे आमी भिजून राह्यलो घामानं. पहिल्यावानीच."

गेलो. मुद्दाम चारच्या सुमाराला पोचलो, कारण पश्चिमेच्या काचेवर तेव्हा पूर्ण ऊन असतं, तपासायला तीच वेळ बरोबर. बायका दुपारी टिकेनात म्हणून घरी गेलेल्या, पाचनंतर परत येणार. सुमनताईंच्या घरून किल्ली आणली, दार सताड उघडून शिडी आत घेतली, उदबत्ती लावली. धूर झपकन आत. काहीच बिघाड नाही. तरी गादी काढून थोडा कीस कमी केला. मनाची शांती.

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी गादीवर कापडाची बारीक रुई बसलेली दिसली. सापडला चोर, म्हटलं. रुई झाडली, खाली काढता येईल अशी बारीक जाळी बसवली. उदबत्ती लावली, धूर झपकन आत. हे सगळंही दार उघडं ठेवूनच, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं?

तिसऱ्या वेळी सुमनताईंनी फोनवर आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "आमच्यातली रेखा पोरगी चक्कर येऊन पडली मशिनीवर. दवाखान्यात नेलतं. आता घरी हाय. तिच्या मायनं सांगतलं, यापुढं नाई पाठवत." मग म्हणाल्या, "भाऊ, बायका कायी बोलत नाईत मले. पन कूलरवाल्याचा नंबर लिहून ठेवला कोनंतरी भिंतीवर."

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात की चालतं, तुम्ही निघालात की बंद पडतं. हे धातूचं दुखणं वाटत नाही." मला मात्र वाटलं, त्या मला दिलासा देतायत. निघालो. मनात ठरवलं होतं, आज जमलं नाही तर पेटी उतरवायची आणि बायकांची माफी मागायची.

या खेपेला लवकर निघालो, साडेअकराला पोचलो. हॉलच्या दारात पंचफुलाबाई बसल्या होत्या. गटातल्या सगळ्यात वयस्क, काजं-बटणं करतात, सगळे त्यांना आजीच म्हणतात. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं.

"आले का डॉक्टर? पेशंट मेल्यावर येते अन् नाडी पाह्यते."

"काय करू वो आजी, मी येतो तेव्हा तर चालतंय."

"'काय करू वो!'" आजींनी माझा आवाज काढला, आतल्या बायका हसल्या. "तुमी दुपारची हवा कधी खाल्ली का इथली? चार वाजता येता अन् पाच वाजता जाता. आज जाऊ नका. बसा आमच्यासंगं आतमंदी. मंग सांगजा."

मी आत गेलो. आजी मागून आल्या, दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबलं. खिडक्यांच्या फळ्या आधीच लावलेल्या. मला वाटलं, मला कोंडून ठेवायची ही गंमत चाललीय. कुणी हसलं नाही. बायका मशिनीवर बसल्या आणि कामाला लागल्या.

दीड वाजला. मी उदबत्ती लावली. धूर काठीसारखा सरळ वर गेला आणि पत्र्याखाली पसरला. धुराड्याकडं ढुंकून बघितलं नाही त्यानं. माझ्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. वर काचेवर भरपूर ऊन, गादी तापलेली, आणि धूर मात्र जागचा हलेना. मी त्या गादीकडं असा बघत बसलो की जणू तिनं माझी फसवणूक केली होती.

तेवढ्यात एक बाई पाणी आणायला उठली. तिनं पोतं सरकवलं, कडी काढून दार हातभर उघडलं. उदबत्तीचा धूर वाकला आणि सरळ धुराड्यात शिरला. तिनं बाहेरून दार ओढलं. धूर पुन्हा उभा.

मी ओरडलोच. "उघडा! दार उघडा परत!"

"काहून?" आजी म्हणाल्या. "झळ येते ना आत."

"एकदाच, आजी."

त्यांनी उघडलं. धूर वाकला. लावलं. धूर उभा. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी सुमनताई मशीन सोडून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बाटलीला तोंड लावून हवा ओढली आणि बाटलीला दुसरं भोकच नसलं तर काय येणार? धुराडं ओढत होतं, पण आत यायला हवेला वाटच नव्हती. आमच्याकडं उन्हाळा आला की दारं-खिडक्या उघडून माणसं वाऱ्याला बसतात. इकडं मार्च लागला की दहाच्या आत घर लावून घेतात ते ऊन उतरेपर्यंत. बाहेरचा वारा म्हणजे भट्टीचा श्वास, तो आत कोण घेईल? इतकी वर्षं या जिल्ह्यात काढली, पण शटर वर करून दुकानात बसणारा माणूस मी, दुपारची बंद घरं आतून कधी बघितलीच नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या असायच्या. गुरुजींच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, होती, त्यांच्या फटींतून हवा न विचारता येत होती. आणि या हॉलमध्ये मी आलो की पहिलं काम काय, तर शिडी घ्यायला दार सताड उघडायचं. दुखणं कुठं होतं, तर मी आत येताना ज्याला हात लावायचो तिथंच.

"आजी, तुम्ही सगळ्या दुपारी दार लावता हे कुणी सांगितलं नाही मला."

"आता हे काय सांगाची गोष्ट झाली? उन्हाळ्यात दार लावत नाई तं काय करते मानूस? तुमच्याकडं सांगते का, जेवताना तोंड उघडा म्हनून?"

सगळा हॉल हसला. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

मी म्हटलं, मग दार थोडं उघडं ठेवू. आजींनी मान हलवली. बाहेरची आग आत घ्यायची असती तर दार लावलं कशाला असतं? त्यांचं खरं होतं. माझं धुराडंही खरं होतं. मधली वाट आजींनीच दाखवली. उत्तरेच्या भिंतीमागं कडुनिंबाचं मोठं झाड, त्याखाली पाण्याचे रांजण.

"दाराचीच हवा कायले पाह्यजे तुमाले? थ्या रांजनापासली घ्या ना. थंडी राह्यते थे."

दुसऱ्या दिवशी मी छिन्नी-हातोडा घेऊन आलो. उत्तरेच्या भिंतीत जमिनीलगत विटा काढून वाट पाडली, धुराड्याच्या गळ्यापेक्षा मोठी, कारण आत यायची वाट अरुंद असली तर सगळं मुसळ केरात. बाहेरून वाळ्याचा पडदा बसवला, वर भोकं पाडलेली नळी, तिला रांजणाच्या पाण्याचा थेंब थेंब. आणि गादीतून जो कीस मी भीतीपोटी काढला होता, तो परत भरला, उजेडाच्या मापानं.

दुपारी आजींनी दार लावलं, पोतं कोंबलं. मी उदबत्ती लावली. उत्तरेच्या वाटेतून वाळ्याचा वास घेऊन हवा आली आणि धूर आडवा होऊन धुराड्यात गेला. फरशीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे हळूहळू सरकायला लागले, उत्तरेकडून धुराड्याकडं. एका बाईनं पाय उचलून त्यांना वाट दिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मशिनी मात्र थांबल्या नाहीत, दोनला नाहीत, तीनला नाहीत.

पुढच्या आठवड्यात मॅडम हवा मोजायचं यंत्र घेऊन आल्या. गादीचा खरंच किती उपयोग आहे ते बघायला आम्ही एक दिवस कुणाला न सांगता गादी काढून साधा काळा पत्रा बसवला. यंत्रानं ओढ कमी झाल्याचं दाखवलंच, पण त्याआधी अडीचच्या सुमाराला आजींनी काज करता करता मान वर केली.

"भाऊ, काय काढलं आज वरतून? हवा आळशी झाली."

मॅडमनी यंत्र बंद केलं आणि वहीत आधी आजींचं वाक्य लिहिलं. मला आजवर मिळालेलं सर्टिफिकेट ते एवढंच, आणि मला ते पुरतं.

गणवेश वेळेत झाले. शाळा उघडायच्या चार दिवस आधी शेवटचे गठ्ठे टेम्पोत चढले. पुढच्या वर्षीचं कामही गावातच राहिलं. भिंतीवरचा कूलरवाल्याचा नंबर सुमनताईंनी स्वतः चुन्यानं पुसला. एक रुखरुख मात्र राहिली आहे. मी जेव्हा दोन खेपा नुसती गादीच तपासत बसलो होतो, तेव्हा एक दुपार जरी त्या बायकांबरोबर बसलो असतो तरी रेखा पडली नसती. तिच्या आईला मी भेटून आलो. चहा दिला त्यांनी, पण मुलीला पाठवलं नाही. ती आता घरीच शिवते. तिच्या घरावर धुराडं बांधून देतो म्हटलं, त्यावर "पाहू" म्हणाल्या. मी त्या 'पाहू'ची वाट बघतोय.

आता कुठल्याही घरी गेलो की मी आधी सूर्य बघत नाही. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारतो, "दुपारी दार किती वाजता लावता?" मग एक दुपार त्या बंद खोलीत बसून काढतो. मॅडमनी हे आता आपल्या विद्यार्थ्यांच्या कामातही घातलंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन लोकांच्या घरात दुपारचा बसतोस? तेवढं तर इथंपण करत होतास की!"

यंदा मे महिन्यात दारव्ह्याकडं दुसरं काम होतं, म्हणून त्या हॉलवर डोकावलो. भर दुपारी. दार वाजवलं, कुणीतरी कडी काढली, आत गेलो. मशिनींची खडखड, वाळ्याचा वास, दोऱ्यांचे तुकडे फरशीवरून चाललेले. गादीची जाळी काढून बघणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आजींचा आवाज आला, मान वर न करता.

"कोल्हापूरवाले भाऊ आले वाटते. दार लावा आधी!"

मी मागं वळलो, दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि ओलं पोतं पायानं नीट फटीत सरकवलं.